प्रतिकाराचे तारतम्य

इंग्रजी ‘इम्युनिटी’साठी मराठीत ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द रुळला, आणि आपला पहिला घोळ त्या शब्दातच आहे. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असणार, कमी असेल तर वाढवायची, आणि वाढेल तितकी चांगलीच, असे मन आपोआप धरून चालते. 2020 च्या साथीत घरोघरी उकळलेले काढे असोत की औषधाच्या दुकानात काउंटरवरच मांडलेल्या ‘बूस्टर’च्या बाटल्या, सगळ्यांच्या मागे हाच हिशेब होता. या चित्रात शरीर म्हणजे किल्ला, जंतू म्हणजे शत्रू आणि प्रतिकारशक्ती म्हणजे शिबंदी. शिबंदी दुप्पट केली की किल्ला दुप्पट सुरक्षित. चित्र सुटसुटीत आहे, पण माणसाच्या सर्वांत जुन्या सोबत्यांपैकी एक असलेला क्षयाचा जंतू त्याला साफ खोटे पाडतो. शरीर जंतूला किती जोराने भिडते यापेक्षा किती मापात भिडते यावर रोगाचे बरेचसे भवितव्य ठरते, हे क्षयाइतके स्पष्ट दुसरा कुठला आजार दाखवत नाही.

सुरुवात दोन शब्दांपासून करावी लागेल. ‘टीबीची लागण झाली’ आणि ‘टीबी झाला’ ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो. वैद्यकाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जंतूची लागण कधी ना कधी झालेली असते, असा अंदाज आहे. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. उरलेले नव्वद जण जंतूची गाठभेट झाल्याची खूण अंगात वागवत नोकऱ्या करतात, लग्ने लावतात, नातवंडे खेळवतात आणि भलत्याच कारणाने मरतात. हाताच्या कातडीत टोचून दोन-तीन दिवसांनी सूज मोजण्याची मॅन्टू चाचणी नेमकी हीच खूण शोधते. ती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून घरात रडारड होते, पण तिचा अर्थ एवढाच, की या शरीराने तो जंतू पूर्वी पाहिला आहे आणि ते त्याला ओळखते. लहानपणी क्षयाची बीसीजी लस टोचलेल्या माणसात तर तेवढाही अर्थ खात्रीने काढता येत नाही.

जंतू असूनही रोग नाही, ही गोष्ट जंतुशास्त्राच्या जन्मापासूनच शास्त्रज्ञांसमोर होती. रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या काळी दर सात माणसांत एक क्षयाने मरतो असे मानले जाई, त्यामुळे एका काडीएवढ्या जिवाकडे बोट दाखवून ‘हा घ्या आरोपी’ असे म्हणणे ही केवढी मोठी गोष्ट होती याची कल्पना यावी. त्याच्या चार वर्षे आधी लुई पाश्चरने मात्र एक छोटा, काहीसा विक्षिप्त वाटणारा प्रयोग करून दाखवला होता. गुरामेंढरांना पटापट मारणारा अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडची फाशी, कोंबड्यांना होत नसे. कोंबडीचे अंग माणसापेक्षा बरेच गरम, सुमारे 41-42 अंश सेल्सिअस. पाश्चरने कोंबडीला जंतू टोचले आणि तिला थंड पाण्यात उभे केले. ती फाशीने मेली. दुसरीला नुसतेच थंड पाण्यात ठेवले, तिसरीला जंतू टोचून कोरडी ठेवली, त्या दोघी ठणठणीत राहिल्या. आणखी एकीला जंतू टोचून थंड पाण्यात ठेवले, आजार दिसू लागताच बाहेर काढून ऊब दिली, तर ती वाचली. जंतू तोच आणि पक्षीही त्याच जातीचा. बदलली ती फक्त शरीराची अवस्था, आणि तेवढ्याने मरण-जगण्याचा निकाल फिरला. ‘रोग जंतूने होतो’ हे वाक्य ज्याच्या नावावर जमा आहे, त्याच माणसाने त्या वाक्याची मर्यादाही दाखवून ठेवली, ही बाब शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

माणसांवर असा प्रयोग कोणी करणार नाही. पण 1930 मध्ये उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहरात तो चुकून घडला. तिथे नवजात बाळांना तोंडावाटे बीसीजी लस पाजली जात होती. बीसीजी म्हणजे गुरांच्या क्षयाचा जंतू. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ या दोघांनी तो तेरा वर्षांत 230 वेळा पुनःपुन्हा वाढवून निर्धोक केला होता. ल्युबेकच्या प्रयोगशाळेत या लशीत माणसाच्या क्षयाचा जिवंत, मारक जंतू मिसळला गेला. 251 बाळांना ती लस पाजली गेली आणि त्यांपैकी 72 दगावली. अपराध अक्षम्य होता, खटला झाला, शिक्षाही झाल्या. पण जंतुशास्त्राचा विद्यार्थी या आकड्यांकडे पाहतो तेव्हा उरलेल्या बाळांपाशी थबकतो. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत ज्यांच्या पोटात क्षयाचा जंतू सरळ ओतला गेला, त्यांतली बहुसंख्य वाचली; अनेकांना आजाराची लक्षणे दिसली आणि ती बरी झाली. क्षयावर तेव्हा एकही औषध नव्हते. प्रत्येक बाळाला सारख्याच प्रमाणात जंतू मिळाले नव्हते, लशीच्या वेगवेगळ्या घाण्यांत भेसळ कमी-जास्त होती, हे खरे आहे आणि विसरून चालणार नाही. तरीही अंगात जंतू जाणे आणि त्याने प्राण जाणे यांच्यामध्ये काहीतरी उभे असते, हे ल्युबेकने फार क्रूर रीतीने सिद्ध केले.

ते ‘काहीतरी’ जवळून पाहू. क्षयरुग्ण खोकतो तेव्हा उडणाऱ्या थेंबांतले मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंब सुकून हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. त्यातला एखादा श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशात पोचतो. तिथे गस्तीला मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. मॅक्रोफेज म्हणजे शब्दशः ‘मोठा खादाड’, बकासुरच. ही पेशी स्वतःचा पडदा जंतूभोवती लपेटून त्याला गिळते आणि एका पिशवीत बंद करते. मग पाचक रसांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन पहिलीला मिळते आणि आतला जंतू विरघळून जातो. बहुतेक जंतूंची गोष्ट इथेच संपते. क्षयाचा जंतू मात्र या दोन पिशव्यांचे मीलनच होऊ देत नाही. त्याच्या अंगावर मेणचट आवरणाचा जाड थर असतो, त्यातले पदार्थ पेशीच्या कारभारात ढवळाढवळ करतात, आणि ज्या पेशीने त्याला खाल्ले तिच्याच पोटात तो मुक्काम ठोकतो. त्याला घाई नाही. पोटातला साधा ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दोनाचे चार होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. थुंकीतून तो वाढवून बघायचा तर प्रयोगशाळेला आठवडेच्या आठवडे थांबावे लागते ते याच कारणाने.

शरीरही सावकाशच जागे होते. जंतूचे तुकडे जवळच्या लसिकाग्रंथीत पोचणे, तिथल्या लाखो टी पेशींमधून या जंतूला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी निवडल्या जाणे, त्यांची संख्या वाढून त्या फुप्फुसात येणे, यात काही आठवडे जातात. त्या आल्या की रासायनिक निरोप धाडतात आणि सुस्तावलेल्या मॅक्रोफेजला चेतवतात. काही जंतू मरतात. जे मरत नाहीत त्यांच्याभोवती मॅक्रोफेज दाटीवाटीने बसतात, त्यांच्याबाहेर टी पेशींचे कडे, त्याबाहेर तंतूंचे वेष्टन. हीच क्षयाची गाठ, ग्रॅन्युलोमा. छातीच्या एक्स-रेमध्ये कित्येकदा दिसणारा चुन्याचा पांढरा ठिपका म्हणजे अशाच जुन्या, वाळलेल्या गाठीची खूण. चुलीतला निखारा रात्री राखेत पुरून ठेवावा, तसा या गाठीत जंतू वर्षानुवर्षे राहू शकतो. शरीराने त्याला मारलेले नाही आणि त्याने शरीराला जिंकलेले नाही. किल्ल्याच्या उपमेत या स्थितीला जागाच नाही, कारण इथे हल्लेखोर किल्ल्याच्या आत आहे आणि वेढा घालणारी शिबंदीही आतच आहे.

आता खरा मुद्दा. फुप्फुसाला भोक पडते ते कोण पाडते? क्षयाचा जंतू घटसर्प किंवा धनुर्वाताच्या जंतूसारखे जहाल विष ओकत नाही. गाठीच्या मध्यभागी पेशी मरून फुटक्या दुधाच्या चोथ्यासारखा मऊ गोळा होतो, तो विरघळून श्वासनलिकेत फुटतो आणि मागे पोकळी राहते. या विध्वंसात मोठा वाटा शरीराच्याच पेशींनी सोडलेल्या, तंतू कुरतडणाऱ्या रसायनांचा असतो. पुरावा हवा असेल तर एचआयव्हीचा संसर्ग पुढच्या अवस्थेला गेलेल्या क्षयरुग्णांकडे पाहावे. त्यांच्या टी पेशी घटलेल्या असतात, किल्ल्याच्या भाषेत शिबंदीच पळालेली असते. अशा रुग्णांच्या फुप्फुसात पोकळ्या कमी आढळतात आणि थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्याचे प्रमाणही कमी असते. म्हणून ते सुखी असतात असे मुळीच नाही. जंतू त्यांच्या रक्तात, यकृतात, मेंदूत मोकाट पसरतो आणि ते लवकर मरतात. पण पोकळी, आणि त्या पोकळीतून खोकल्यावाटे गावभर होणारा फैलाव, ही ज्याचा प्रतिकार जोरदार आहे अशा माणसाची देणगी आहे. जंतूच्या बाजूने विचार केला तर आपला प्रतिकार त्याला अडथळा तर आहेच, शिवाय पुढच्या घरी जाण्याची वाटही आहे.

दोन्ही टोकांचे पुरावे रोजच्या वैद्यकातही सापडतात. संधिवाताच्या रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब नावाचे औषध देऊ लागल्यावर 2001 पर्यंत त्यांच्यात क्षय उफाळल्याच्या अनेक घटना नोंदल्या गेल्या. हे औषध टीएनएफ या रसायनाला निष्प्रभ करते, आणि गाठीची वीण घट्ट ठेवण्याचे काम नेमके त्याच रसायनाकडे असते. वीण उसवली आणि निखारा वर आला. आता असे औषध सुरू करण्याआधी सुप्त क्षय आहे का हे तपासण्याचा प्रघात आहे. याच्या नेमके उलट उदाहरण मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचे. तिथे डॉक्टर क्षयाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन हे प्रतिकार दाबणारे स्टेरॉइड देतात, आणि त्याने मृत्यू कमी होतात हे व्हिएतनाममध्ये झालेल्या व 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. जंतुसंसर्ग चालू असताना प्रतिकार दाबायचा, हे कवटीत जागा तोकडी असल्यामुळेच पटते. तिथे सूज हीच जंतूइतकी घातक. क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ असलेला कुष्ठरोगाचा जंतू तर एकाच गावात दोन वेगळे आजार दाखवतो. ज्याच्या टी पेशी तडफेने भिडतात त्याच्या अंगावर मोजकेच बधिर चट्टे येतात, जंतू जवळजवळ सापडत नाहीत, पण त्या झटापटीत त्याच्या नसा होरपळतात. ज्याच्या टी पेशी या जंतूपुरत्या गप्प बसतात त्याच्या कातडीत जंतूंची अक्षरशः रेलचेल असते. दोघांच्या अंगात जंतू एकच, आणि दोघांचेही हाल.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो घ्यायलाच हवा. जंतूपेक्षा शरीराची अवस्था महत्त्वाची म्हणता, तर मग जंतूची एवढी धास्ती कशाला? हाच युक्तिवाद एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर या मोठ्या आरोग्यतज्ज्ञाने केला होता. नुसत्या जंतूने कॉलरा होत नाही, हे दाखवायला त्याने 7 ऑक्टोबर 1892 रोजी कॉलऱ्याच्या जंतूंचे पाणी सर्वांदेखत पिऊन टाकले. थोडी ढाळ लागली, बाकी काही झाले नाही. त्याच वर्षी हॅम्बर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे मेली. हॅम्बर्गला एल्ब नदीचे पाणी न गाळता मिळत होते. शेजारच्या आल्टोना गावाला त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून मिळत होते, आणि तिथे साथ फारशी शिरली नाही. पेटनकोफरचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकला होता. एका माणसाचा निकाल शरीरावर अवलंबून असू शकतो. पण जिथे जंतूच पोचत नाही तिथे निकालाची वेळच येत नाही. उघडी खिडकी, खोकताना तोंडावर रुमाल, गाळलेले पाणी यांचे महत्त्व वरच्या सगळ्या विवेचनाने तसूभरही कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. उपासमारीने क्षय होतो हे तर सगळेच मानतात. ‘क्षय’ या आपल्या शब्दातच झिजणे आहे, खंगणे आहे. मग चांगले खाऊन प्रतिकार वाढतो, म्हणजे शेवटी ती शक्तीच झाली की! याचे उत्तर झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ या चाचणीत आहे. 2,800 क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांचा तिच्यात समावेश होता. रुग्णांना शिधा सर्वच घरांत दिला. फरक केला तो घरातल्या इतर माणसांत: निम्म्या भागात त्यांनाही दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, उरलेल्या भागात दिल्या नाहीत. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी भरले. फुप्फुसाच्या, जंतू सापडलेल्या क्षयाचे तर 48 टक्क्यांनी. क्षयावरच्या लशीलाही अभिमान वाटावा असा हा आकडा आहे, आणि तो पिशवीतल्या तूरडाळीने मिळवला आहे. पण इथे भरून निघाली ती तूट. कुपोषित शरीराला टी पेशी घडवायला प्रथिने कमी पडतात, गाठीची वीण सैल राहते, ती डाळ-तांदळाने नीट बसते. ज्याचे पोट आधीच भरलेले आहे त्याने वर चार चमचे काही चाटल्याने त्या विणीवर आणखी एक थर चढतो, असे ही चाचणी कुठेच म्हणत नाही. उलट पोटभर खाणाऱ्यांतला मधुमेह क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी वाढवतो. विहीर आटली तर गावात पाणी आणावे लागते. म्हणून विहीर तुडुंब भरलेल्या गावात टँकर ओतल्याने पीक दुप्पट येत नाही.

तिसरा आक्षेप मद्रासहून येतो. 1956 पासून तिथे एक प्रयोग झाला. निम्म्या क्षयरुग्णांना सॅनिटोरियमच्या मोकळ्या हवेत, विश्रांती आणि सकस आहारासह औषधे दिली. निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या, अर्धपोटी घरांतच ठेवून तीच औषधे दिली. 1959 मध्ये आलेले निकाल जवळपास सारखे होते. घरी राहिलेल्यांचे वजन कमी वाढले, तरी ते बरे झाले. पाचगणी आणि मिरजेच्या कोरड्या हवेत हवापालटाला जाण्याचा जमाना मागे पडला तो या पुराव्यामुळेही. मग आहाराचे महत्त्व कुठे उरले? उत्तर असे, की मद्रासने विचारलेला प्रश्न वेगळा होता. आजार जडल्यावर जंतू मारायचे काम औषध करते, आणि औषध पूर्ण मुदतीचे, नियमित असेल तर गरीब शरीरातही ते करते. झारखंडने विचारले, की लागण झालेल्यांपैकी आजारी कोण पडणार? दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आली यात विसंगती नाही. औषधाला आहार हा पर्याय नाही. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी औषधांना दाद न देणारा क्षय तयार होतो, त्याला कितीही तूरडाळ पुरणार नाही.

लस घेऊन हा प्रश्न कायमचा का सुटत नाही, हेही आता उमगावे. देवी, गोवर यांत एकदा आजार होऊन गेला की माणूस सहसा पुन्हा सापडत नाही, म्हणून लशीने त्या आजाराची नक्कल केली की काम भागते. क्षय एकदा होऊन बरा झालेल्याला पुन्हा होऊ शकतो. निसर्गानेच जिथे पक्का धडा गिरवून घेतलेला नाही तिथे लशीने कोणाची नक्कल करायची? बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगले वाचवते, म्हणून ती जन्मतःच टोचलीच पाहिजे. पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे ती तोकडी पडते, हे तमिळनाडूतल्या चिंगलपेटच्या प्रचंड चाचणीने काही दशकांपूर्वीच सांगितले. नव्या लशी चाचण्यांत आहेत. त्यांच्यापुढचे कोडे टी पेशी आणखी चेतवायच्या कशा एवढेच नाही. पोकळी पडू न देता जंतू मारण्याइतक्याच त्या चेतवायच्या कशा, हे आहे.

जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक भारतात आहे. तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला, वजन उतरले, संध्याकाळी कणकण येऊ लागली, तर काढ्यात दिवस न घालवता थुंकी तपासून घ्या; सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. घरात कुणाला क्षय निघाला तर बाकीच्यांनाही तपासायला न्या. त्यांना आजार नसला तरी सुप्त लागण दबलेलीच राहावी म्हणून काही महिन्यांच्या प्रतिबंधक गोळ्या असतात, आणि त्या मागून घ्यायला लाजू नका.